बंदूक आणि तिचा कागद

आपल्या हवेलीतील जुन्या मराठी घरांत पिढीजात वस्तूंबरोबर क्वचित एखादी बंदूकही आढळते. कुणाच्या आजोबांनी ती शेतीच्या राखणीसाठी घेतलेली असते, कुणाला ती वारशाने मिळालेली असते. मुले मुंबई-पुण्याकडे स्थायिक झाली, रानडुकरांचा त्रास राहिला नाही, परवान्याच्या नूतनीकरणाचे हेलपाटे नकोसे झाले, की ती ओळखीपाळखीत विकण्याचा विचार निघतो. घेणारा नळी पाहतो, चाप पाहतो, किंमत ठरवतो. पण ही बंदूक मुळात कोणाची, ती कोणाकडून कोणाकडे आली आणि मध्येच कोठून चोरीस तर गेली नव्हती ना, हे विचारण्याचा संकोच वाटतो. बैल घेताना खोड विचारणारा आणि जमीन घेताना उतारा पाहणारा मनुष्य बंदुकीच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. हा संकोच का सोडला पाहिजे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. त्या इतिहासात आपल्या सिल्वासाचे स्थान अनेकांना वाटते त्याहून मोठे आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदी प्रजेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण पद्धतशीरपणे राबवले. त्याची परिणती लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ च्या शस्त्र कायद्यात झाली. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला, आणि युरोपियनांना मात्र सवलत राहिली. या भेदभावाचा डंख आपल्या लोकांना दीर्घकाळ जाणवत होता. राष्ट्रीय सभेने या कायद्यात दुरुस्तीची मागणी करणारे ठराव वारंवार केले. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. त्यामुळे परवाना हा शब्दच आपल्या मनात परकीय सत्तेच्या संशयाशी जोडला गेला. परंतु याच कायद्याने आणखी एक गोष्ट घडवली. प्रत्येक शस्त्राच्या मागे एक नाव, एक नोंद आणि एक कागद उभा राहिला.

हवेलीच्या दृष्टीने हा कागद फार महत्त्वाचा होता. १७७९ च्या तहानुसार मराठ्यांनी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांस लावून दिला. पुढे १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा त्यांच्या ताब्यात आले. भोवतालचा मराठी मुलूख १८१८ नंतर इंग्रजांकडे गेला, आणि दमण व हवेली यांच्या मध्ये इंग्रजी हद्द पडली. धान्य, मीठ, कापड, प्रवासी यांची ये-जा चालू राहिली. शस्त्रांचे तसे नव्हते. १८७८ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांप्रमाणे पोर्तुगीज हिंदुस्थानातून शस्त्रे व दारूगोळा आणण्यास किंवा तिकडे नेण्यास खास परवाना लागत असे. दमणहून सिल्वासाला येणारी बंदूक काही मैल इंग्रजी मुलखातून जात असल्याने तिलाही हाच नियम लागू होता.

या एका नियमाचे मोल पुढे हेग येथे दिसून आले. १९५४ च्या जुलैअखेरीस मुक्तिसैनिकांनी दादरा व नरोली सोडवली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. कॅप्टन फिदाल्गो व त्यांच्या सोबतच्या लोकांनी ११ ऑगस्टला उदवा येथे शरणागती पत्करली. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमण व हवेली यांच्या दरम्यान भारतीय हद्दीतून जाण्याचा आपला हक्क भारताने डावलला, असे त्याचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या बाबतीत पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे व दारूगोळा यांच्या बाबतीत मात्र तो आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला. शस्त्रांच्या बाबतीत न्यायालयाने पाहिले ते असे की, ती आजवर खास परवान्यावरच जात होती. जे नेहमी परवानगीने होत आले, ते हक्काने होत होते असे म्हणता येत नाही. एका मताच्या फरकाने लागलेल्या त्या निकालात बंदुकीचा परवाना हा असा पुरावा ठरला.

कागदाबरोबर दुसरा साक्षीदार असतो तो बंदुकीवरील क्रमांक. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. जकात गोदीतून कंपनीच्या कारकुनाने २०२ पेट्या सोडवल्या, त्यांपैकी १९२ च गोदामात पोहोचल्या. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची यादी कंपनीच्या दप्तरी होती. म्हणून पुढे दरोडा वा खुनाच्या प्रकरणात पिस्तूल सापडले, की ते रोडाचेच आहे की नाही हे ताडून पाहता येई. १९१८ च्या राऊलट समितीच्या अहवालानुसार तोवर ५० पैकी ३१ पिस्तुले परत मिळाली होती. आपण त्या तरुणांच्या धैर्यापुढे नतमस्तक होतो. पण पोलीस तपासाच्या इतिहासात हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी स्मरणात राहते. पिस्तूल कितीही हातांतून फिरले तरी त्याचा क्रमांक त्याची जन्मकथा सांगतो, हे त्यातून सिद्ध झाले.

याच्या उलट, कागदाविना हातोहात फिरणाऱ्या शस्त्राचे उदाहरण दुर्दैवाने आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. महात्मा गांधींच्या हत्येसाठी वापरलेले ६०६८२४ क्रमांकाचे इटालियन बेरेटा पिस्तूल घटनेच्या दोनच दिवस आधी, २८ जानेवारी १९४८ रोजी, ग्वाल्हेर येथे खाजगी ओळखीतून मिळवले गेले, असे लाल किल्ल्यातील खटल्यात पुढे आले. त्या व्यवहारात परवान्याची पृच्छा झाली नाही, ना पोलीस ठाण्याला कोणी कळवले. त्या तपासात प्रमुख असलेले पोलीस अधिकारी जमशेद नगरवाला हेच १९५४ साली विशेष राखीव पोलीस दलाचे उपमहानिरीक्षक म्हणून हवेलीच्या सीमेवर होते. इतिहासाची ही योगायोगाची गाठ सिल्वासाच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

स्वातंत्र्यानंतर शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क असावा काय, यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली. ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. त्यानंतर आला १९५९ चा शस्त्र कायदा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. आपला प्रदेश तोपर्यंत, म्हणजे ११ ऑगस्ट १९६१ रोजी, भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला होता. भारताचे अनेक कायदे १९६३ च्या विनियमाने येथे आणले गेले.

या कायद्यातील दोन कलमे खाजगी खरेदी करणाऱ्याने मुखोद्गत करावीत. पहिले कलम ५. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेली बंदूक विक्रेत्याचा परवाना नसतानाही दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकता येते. त्यासाठी विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखास विक्रीचा हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवावे लागतात. कळवल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस उलटल्याखेरीज बंदूक हाती देता येत नाही. हे पंचेचाळीस दिवस अनेकांना सरकारी दिरंगाई वाटतात. माझ्या समजुतीप्रमाणे संपूर्ण कायद्यातील ही सर्वांत शहाणपणाची तरतूद आहे. घेणाऱ्याला मनातील शंका विचारायचा संकोच वाटतो, ती शंका कायदाच त्याच्या वतीने विचारतो आणि उत्तर मिळवण्यास अवधी देतो.

दुसरे कलम ८. बंदुकीवरील नाव, क्रमांक वा खूण पुसणे, बदलणे किंवा बनावट घालणे हा गुन्हा आहे. ज्या बंदुकीवर अशी खूणच नाही ती विकता येत नाही. याहून महत्त्वाचे असे की, खूण पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणजे सचोटीने पैसे मोजून घेतलेल्या बंदुकीचा क्रमांक पूर्वी कोणी चोराने कानशीने घासला असला, तरी निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आजच्या मालकावर येतो. चोर निसटतो आणि गृहस्थ अडकतो. शिवाय मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे विकणाऱ्यास जेवढी मालकी असेल तेवढीच घेणाऱ्यास मिळते, हा साधारण नियम आहे. त्यामुळे बंदूक चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे जाते, आणि घेणाऱ्याचे पैसे विकणाऱ्याच्या दारी अडकतात. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहेच.

मग पडताळणी करावी कशी? प्रथम आपल्या स्वतःच्या परवान्यावर त्या प्रकारचे शस्त्र खरेदी करण्याची अनुमती आहे व तिची मुदत संपलेली नाही, हे पाहावे. त्यानंतर विकणाऱ्याचा मूळ परवाना मागावा, त्याची झेरॉक्स नव्हे. परवान्यात लिहिलेला कारखाना, प्रकार, व्यास आणि क्रमांक बंदुकीवरील खुणांशी अक्षरशः ताडावा. परवान्यावरील विशिष्ट ओळख क्रमांकही पाहावा, कारण आता परवान्यांची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होते. बंदूक यापूर्वी कोणाकडून घेतली याची नोंद किंवा दुकानाची पावती मागावी. क्रमांकाच्या जागी धातू खोलगट, जास्त चकचकीत किंवा अंकांची ठेवण वेडीवाकडी दिसली, तर परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्यावे. त्यानंतर विकणाऱ्याने दिलेल्या लेखी सूचनेची पोच पाहावी. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून त्या क्रमांकाची बंदूक हरवल्याची वा चोरीस गेल्याची नोंद आहे काय, हे विचारावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे हरवलेल्या, चोरीच्या व सापडलेल्या शस्त्रांचे तपशील ताडून पाहण्याची पद्धत आहे, तिचाही उपयोग पोलिसांमार्फत होतो. हे सर्व होईपर्यंत विसाराचे पैसेही देऊ नयेत.

सिल्वासात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. आपला प्रदेश चिमुकला, आणि आपली सोयरीक व व्यवहार वलसाड, पालघर, नाशिक या तिन्ही बाजूंस पसरलेले. परवाना दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर केवळ सिल्वासाच्या ठाण्यात विचारून भागत नाही. ज्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने परवाना दिला त्याच्याकडून त्याची खातरजमा झाली पाहिजे. चोरी एका राज्यात आणि विक्री दुसऱ्या राज्यात, ही चोराची जुनी रीत आहे, आणि सीमेवरचे गाव तिला सोयीचे पडते.

वारशाच्या बंदुकीबद्दलही दोन शब्द. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती घरात तशीच ठेवता येत नाही. वारसांनी अनावश्यक विलंब न करता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी व मग आपल्या नावाने परवाना मागावा किंवा विक्रीची परवानगी घ्यावी. "आजोबांची आहे, जुनी आहे, तिला कसला परवाना?" असा युक्तिवाद शासकीय सेवेत असताना मी पुष्कळदा ऐकला. पुरातन शस्त्रास सवलत आहे ती दुरुस्तीनेही चालू शकणार नाही अशाच शस्त्रास. दुरुस्तीने बार उडणार असेल तर ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

१८७८ साली परक्या सरकारने हा कागद आपल्यावर लादला तेव्हा तो अविश्वासाचा होता, आणि त्याबद्दलचा आपल्या पूर्वजांचा राग न्याय्य होता. आज तो कागद ठेवण्याचे कारण बदलले आहे. चोरीस गेलेली बंदूक गुन्हेगाराच्या हाती पडून कोणाचा तरी जीव घेऊ शकते, आणि खाजगी खरेदीतील आपले मौन तिला वाट मोकळी करून देते. म्हणून ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी, वडीलधारी मंडळी हयात असतानाच, ती कोणत्या साली, कोणाकडून व कोणत्या परवान्यावर आली हे विचारून लिहून ठेवावे आणि परवान्याबरोबर जपून ठेवावे. ती बंदूक पुढे कोणी घेऊ लागला तर त्याला विचारावे लागणार नाही, आणि आपल्या नातवंडांना कधी उत्तर द्यावे लागले तर ते त्यांच्या हाताशी असेल.