पटसंख्या आणि मातृभाषा : खमरियाचा धडा

शाळेचा पट म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. वस्तीत कोण आले, कोण राहिले आणि कोणती भाषा त्यांनी आपली म्हणून नोंदविली, याचा तो दस्तऐवज असतो. जबलपूरलगतच्या खमरियाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

जबलपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूरच असल्याने नोकरी, वकिली व अध्यापनाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. खमरियाची वसाहत मात्र कारखान्याने घडविली. जबलपुरात १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला होताच. महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, खमरियात दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. देशभरातून कामगार आले आणि घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एका बाकावर बसू लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. काल ज्या राज्यात मराठी ही हिंदीच्या बरोबरीची राजभाषा होती, तेथील मराठी माणूस आज भाषिक अल्पसंख्य ठरला. त्याच वर्षी राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३५०-क ने अशा मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली.

या हक्काला आकड्याची अट मात्र आधीच जोडली गेली होती. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविल्यानुसार संपूर्ण शाळेत किमान ४० किंवा एका वर्गात किमान १० विद्यार्थी असल्यास त्या भाषेचा शिक्षक नेमावयाचा होता. मातृभाषा कोणती, हे पालकाने सांगावे, असेही त्यात नमूद होते.

कारखान्याच्या वस्तीत ही अट किती नाजूक ठरते, हे सहज ध्यानात येईल. वडिलांची अंबाझरीला किंवा वरणगावला बदली झाली, की दहांच्या वर्गात नऊच उरतात. शिवाय १९६३ पासून बदलीच्या नोकरदारांसाठी केंद्रीय विद्यालये निघाली. तेथे अभ्यासक्रम देशभर एकच, माध्यम हिंदी व इंग्रजी. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये, ही पालकांची चिंता खोटी नव्हती. परंतु प्रत्येक घराचा रास्त निर्णय एकत्र आला, की मराठी वर्गाचा पट घटत जातो. कोणीही तो बंद करण्याचे ठरविलेले नसते.

म्हणून परप्रांतात टिकलेल्या मराठी शाळेचे श्रेय संस्थापकांइतकेच त्या पालकांनाही आहे, ज्यांनी प्रवेशपत्रिकेत ‘मातृभाषा’ या शब्दापुढे ‘मराठी’ लिहिले आणि मुलाला त्याच वर्गात बसविले. हक्क घटनेने दिला. तो दरवर्षी जूनमध्ये पटावर उतरविण्याचे काम घराघरालाच करावे लागते.