साडेतीन सेकंदांचे उड्डाण

१७ डिसेंबर १९०३ हा विमानाचा जन्मदिवस शाळकरी पोरालाही पाठ असतो. आम्हांस त्याआधीचा सोमवार, १४ तारीख, अधिक मोलाची वाटते. नाणेफेक विल्बर राईटने जिंकली होती. किल डेव्हिल टेकडीच्या उतारावर मांडलेल्या रुळावरून यंत्र सुटले आणि रूळ सोडताच त्याने नाक एकदम वर केले. पंखाला तोलून धरतो तो त्यावरून सुरळीत वाहणारा वारा. नाक फार चढले, वेग उतरला, की तो वारा पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि यंत्र खाली बसते. इंजिन धडधडत असले तरीही! आणि जमीन इतकी जवळ, की सावरायला सवड कुठली? साडेतीन सेकंदांत ते वाळूत आपटले. लहान विमाने उडताच पडतात, ती आजही पुष्कळदा याच कारणाने.

ते इंजिन घडवले होते राईटांच्या सायकल-दुकानातील मिस्त्री चार्ली टेलर याने, सुमारे ६ आठवड्यांत. कारखान्यात अपघात झाला की चौकशीचे बोट प्रथम कामगाराकडे वळते, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. विल्बरने त्याच दिवशी घरी लिहिले, की चूक आपल्याच अंदाजाची.

मोडतोड दुरुस्त झाली. गुरुवारी पाळी ऑर्व्हिलची. तोही वरखाली हेलकावतच १२ सेकंद गेला, १२० फूट.