बक्षिसानंतरचा गायक

वणीहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे झरी-जामणी तालुक्यांत मुकुटबन लागतें. यवतमाळ जिल्ह्याचा हा अगदीं कडेचा मुलूख. पुढें पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगणांतील आदिलाबाद. मराठी, तेलुगु, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा या टापूंत बोलल्या जातात. अलीकडे कोळशामुळें आणि सिमेंटच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव बाहेर ऐकूं येऊं लागलें आहे. परंतु गाण्याच्या दृष्टीनें हा प्रदेश त्यापूर्वींपासूनच श्रीमंत आहे. दंडार, खंजिरीवरचें भजन, दिवाळीच्या सुमारास होणारीं आदिवासींचीं नृत्यगीतें, ही त्याची जुनी ठेव. अशा मुलखांतला एखादा चांगल्या गळ्याचा मुलगा उद्यां दूरचित्रवाणीच्या स्पर्धेंत पहिला आला, तर पुढें त्याचा चरितार्थ त्या गळ्यावर चालेल काय? श्रोतेहो, हा प्रश्न नवा वाटतो. पण तो तसा नवा नाहीं.

आपल्याकडे गाण्याची झुंज फार जुनी. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. एक शक्तीला थोर मानणारा, दुसरा शिवाला. डफ-तुणतुण्याच्या साथीवर रात्र रात्र सवालजबाब चालत आणि जिंकणाऱ्या फडाचा गांवोगांव बोलबाला होई. परंतु त्या जयानें पोट भरत नसे. पोट भरे तें आश्रयानें. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा यांच्या पिढीला पेशव्यांचा व सरदारांचा आधार होता. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तो आधारहि तुटला. गळा तोच राहिला, कवन तेंच राहिलें, पण बिदागी देणारा हात गेला. त्यानंतर तमाशाचे फड जत्रांच्या आणि तिकिटांच्या भरंवशावर जगले.

ध्वनिमुद्रिकेची गोष्ट थोडक्यांत सांगतों. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, १९०८ सालीं सियालदह येथें तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि तेव्हांपासून गाणें तीन-साडेतीन मिनिटांत बसवावें लागलें. रात्रभर रंगणाऱ्या लोकगीताला ही काटछांट सर्वांत जड गेली. नभोवाणीनें मात्र वेगळा मार्ग काढला. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. पुढें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री असतांना, १९५२ च्या सुमारास, स्वरचाचणी घेऊन कलावंतांना श्रेणी देण्याची पद्धति बसली. याच केसकरांनीं चित्रपटगीतांना नभोवाणीवरून बाहेर काढलें होतें, तें पुष्कळांना रुचलें नाहीं. पण श्रेणीच्या योजनेंत एक शहाणपण होतें. ज्याला श्रेणी मिळे त्याला वर्षांतून ठराविक वेळां बोलावणें येई. रक्कम लहान, पण नियमित.

आतां स्पर्धेकडे वळूं. १९५७ सालीं मेट्रो-मर्फी स्पर्धेंत महेंद्र कपूर पहिले आले. परीक्षकांमध्यें सी. रामचंद्र होते, आणि १९५९ सालच्या ‘नवरंग’ चित्रपटांत त्यांनींच महेंद्र कपूरांकडून गाऊन घेतलें. कोल्हापूरचे सुरेश वाडकर १९७६ सालीं सूर-सिंगारच्या स्पर्धेंत विजयी झाले. पुढच्या वर्षीं हरिहरन त्याच व्यासपीठावर पहिले आले, आणि संगीतकार जयदेव यांनीं १९७८ सालच्या ‘गमन’ चित्रपटांत या दोघांनाहि गाणीं दिलीं. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं त्या काळीं निवाडा देणारा आणि काम देणारा हे बहुधा एकाच वर्तुळांतले असत. बक्षीस म्हणजे जवळजवळ नेमणुकीचें पत्रच.

दूरचित्रवाणीनें ही गांठ सोडली. १९९५ सालीं ‘सा रे ग म’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यांतून आलेल्या संजीवनी भेलांडे यांना १९९८ सालच्या ‘करीब’मध्यें गाण्याची संधि मिळाली, आणि श्रेया घोषाल यांना २००२ सालच्या ‘देवदास’मध्यें. इतकें जुन्या रीतीप्रमाणेंच झालें. परंतु पुढें निवाडा प्रेक्षकांच्या हातीं गेला. मोबाईलवरून मतें येऊं लागलीं, त्या मतांवर आणि जाहिरातींवर वाहिन्यांचें उत्पन्न उभें राहिलें. अशा व्यवस्थेला विजेता एका हंगामापुरता हवा असतो. पुढच्या हंगामाला नवा चेहरा लागतो. २००५ सालीं ‘इंडियन आयडॉल’चे पहिले विजेते ठरलेले अभिजीत सावंत हे मुंबईचे मराठी तरुण. त्यांची गाण्यांची तबकडी त्याच वर्षीं निघाली आणि घरोघर वाजली. तरीहि २०२४ सालीं ते पुन्हां एका स्पर्धेंत, ‘बिग बॉस मराठी’च्या घरांत, उभे राहिलेले दिसले. उत्तराखंडाच्या पवनदीप राजन यांनीं २०१५ सालीं ‘द व्हॉइस’ जिंकली होती. २०२१ सालीं त्यांनीं ‘इंडियन आयडॉल’ जिंकली. एकदां जिंकलेल्या माणसाला पुन्हां उमेदवार म्हणून रांगेंत यावें लागतें, ही गोष्ट पहिल्या जयाच्या किंमतीविषयीं पुष्कळ सांगून जाते.

मत कशाला पडतें, हाहि प्रश्न आहेच. २००७ सालीं दार्जिलिंगचे प्रशांत तमांग विजयी झाले. ते कलकत्त्याच्या पोलीस दलांत शिपाई होते. त्यांच्यासाठीं डोंगराळ मुलखांतल्या लोकांनीं वर्गणी काढून मतें पाठविलीं, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोरखा जनमुक्ति मोर्चा स्थापन झाला. मतें गोळा करणाऱ्यांत जे पुढें होते, तेच या पक्षाचे पुढारी. गाण्याच्या नांवानें एक प्रदेश आपली ओळख मागत होता. मुकुटबनसारख्या गांवचा मुलगा उभा राहिला, तर वणी-पांढरकवड्याकडले लोकहि असेंच करतील, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पण तें प्रेम बिदागी देत नाहीं. उलट, ‘आतां त्याचा भाव वाढला असेल’ या समजुतीनें जत्रेचें बोलावणेंच बंद होण्याचा संभव अधिक.

आपल्या विदर्भाचें सर्वांत बोलकें उदाहरण हिंगणघाटच्या वैशाली माडे यांचें. मराठी ‘सा रे ग म प’ जिंकून त्या हिंदी स्पर्धेंत उतरल्या आणि २००९ सालीं तेथेंहि पहिल्या आल्या. त्यानंतर देशभर गाजलेलें त्यांचें गीत आलें तें २०१५ सालच्या ‘बाजीराव मस्तानी’ मधलें, मंगळागौरीच्या पिंग्याच्या धर्तीचें. मध्यें सहा वर्षें गेलीं. गंमत अशी, कीं त्या गीतांत त्यांच्या जोडीला श्रेया घोषाल आहेत. म्हणजे एकाच व्यासपीठावरून निरनिराळ्या काळीं आलेल्या दोघी एका लोकरीतीच्या गाण्यांत भेटल्या. त्याच २००९ सालीं मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मध्यें आळंदीच्या कार्तिकी गायकवाड विजयी झाल्या. त्यांची वाट मला निराळी वाटते. अभंग-गवळणींचा श्रोता हा स्पर्धेनें निर्माण केलेला नव्हे. तो वारीइतका जुना आहे आणि हंगाम संपल्यावरहि जागेवर राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं खंजिरीवर लाखोंना डोलविलें तें अशाच श्रोत्याच्या बळावर.

कायद्याचेंहि एक अंग आहे. १९९४ सालच्या दुरुस्तीनें गायकाचा हक्क कायद्यांत आला, २०१२ सालच्या दुरुस्तीनें त्याला स्वामित्वधनांत वांटा मिळाला, आणि २०१३ सालीं गायकांची स्वतःची संस्था निघाली. पण दंडारीच्या गीताचा कर्ता कोण? तें आजीनें आईला दिलेलें. म्हणून कवि-संगीतकाराचा वांटा मागणारा कोणी नसतो, आणि गाणाऱ्याचा वांटा त्यानें करारावर सही करतांना कोणतें कलम वाचलें यावर राहतो. तो कागद बहुधा इंग्रजींत असतो; कोलामी बोलणाऱ्या मुलानें तो कोणाकडून वाचून घ्यावा?

मुकुटबनहून पूर्वेला, चंद्रपूर ओलांडून, गडचिरोली जिल्ह्यांतलें देसाईगंज आहे. लोक त्याला वडसा म्हणतात. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या तेथें आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि शेतांतलें काम आटोपलेलीं गांवें रात्रभर नाटक पाहतात. या रंगभूमीचें मूळ दंडारींत आहे, आणि गाणाऱ्या नटाला तेथें प्रयोगागणिक मेहनताना मिळतो. २०२३ सालीं याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ते कोणत्याहि वाहिनीच्या गायनस्पर्धेंतून आलेले नाहींत. वडशाच्या मंडळ्यांना आजहि गाणारा नट लागतो, आणि तेथें स्वरचाचणी होते ती सगळ्या गांवासमोर.