सैन्यात होतात का? अमेरिकेतील माजी सैनिक आणि डॉक्टरांचे शिक्षण

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वेगळी सरकारी रुग्णालये पहिल्या महायुद्धानंतर वाढली आणि 1930 साली ती व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे ‘व्हीए’, या खात्याकडे आली. यातली बरीच रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांपासून लांब होती. डॉक्टरांची भरती नागरी सेवेच्या नियमांनी होई, पगार बेताचा असे आणि संशोधनाला वाव नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 1 कोटी 60 लाख अमेरिकनांनी सैन्यात सेवा केली. ते घरी परतू लागले तेव्हा या व्यवस्थेचा टिकाव लागणे शक्य नव्हते.

ऑगस्ट 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी खाते जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे सोपवले. वैद्यकीय बाजू लष्करी डॉक्टर पॉल हॉली यांनी घेतली आणि त्यांच्या मदतीला शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले अस्थिरोगतज्ज्ञ पॉल मॅग्नुसन आले. सैनिकाला चांगला डॉक्टर हवा असेल तर जिथे डॉक्टर घडतात त्या महाविद्यालयांशीच रुग्णालये जोडावीत, असा मॅग्नुसन यांचा आग्रह होता. 3 जानेवारी 1946 च्या कायद्याने डॉक्टरांची भरती नागरी सेवेच्या जोखडातून सुटली आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला ‘धोरणपत्र क्रमांक 2’ निघाले. रुग्णाची जबाबदारी व्हीएची, शिक्षणाची महाविद्यालयाची, अशी वाटणी त्यात होती. महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांच्या समित्या शिक्षक आणि निवासी डॉक्टर सुचवू लागल्या. शिकागोजवळचे हाइन्स रुग्णालय या जोडणीत अगदी सुरुवातीला आले.

पुढच्या काळात अमेरिकेतल्या बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही ना काही भाग व्हीएच्या वॉर्डांमध्ये झाला. 1972 च्या एका कायद्याने तर व्हीएच्या मदतीने पाच नवी वैद्यकीय महाविद्यालये उभी राहण्याचा मार्ग मोकळा झाला. वेस्ट व्हर्जिनियातले मार्शल आणि ओहायोतले राइट स्टेट ही त्यांपैकी दोन. या शिक्षणाचा सैनिकांना मोठा लाभ झाला, पण त्याला एक मर्यादा होती. विद्यार्थी माजी सैनिकाच्या शरीरावरून मधुमेह, हृदयविकार, यकृताचे आजार शिकत होता. युद्धाने त्या माणसाचे काय केले, हा अभ्यासक्रमाचा भाग नव्हता.

ही उणीव व्हिएतनाम युद्धात उघडी पडली. युद्धातील मानसिक आघातासाठी 1952 च्या मनोविकार-सूचीत एक निदान होते. 1968 च्या आवृत्तीतून ते वगळले गेले. त्यामुळे ऐन युद्धकाळात डॉक्टरांच्या हाती या यातनेसाठी नावच उरले नाही. बोस्टनच्या व्हीए रुग्णालयातल्या समाजसेविका सॅरा हेली यांच्यापुढे युद्धातल्या हत्याकांडाबद्दल बोलणारे सैनिक येत, आणि त्यांची हकिकत भ्रम समजून गंभीर मनोविकाराचे निदान होण्याचा धोका असे. अशा रुग्णाचे कसे ऐकावे, उपचार करणाऱ्याच्या मनात उठणारी घृणा आणि भीती कशी हाताळावी, यावर हेली यांनी 1974 मध्ये शोधनिबंध लिहिला. या विषयावरचा आजही वाचावा असा हा पहिला धडा. न्यूयॉर्कमध्ये 1970 पासून मनोविकारतज्ज्ञ खाइम शाटन आणि रॉबर्ट जे लिफ्टन सैनिकांच्या गटांबरोबर बसत होते. तिथे तज्ज्ञच शिकत होते, आणि शिकवत होते सैनिक. या दबावातून 1979 मध्ये रुग्णालयाबाहेरची ‘व्हेट सेंटर’ ही समुपदेशन केंद्रे मंजूर झाली. 1980 मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे निदान मनोविकार-सूचीत आले आणि 1989 मध्ये त्याच्या अभ्यासाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

याच काळात एक बदल फारशी चर्चा न होता घडला. 1950 पासून तरुण डॉक्टरांनाही सक्तीच्या भरतीखाली बोलावता येत असे. त्यामुळे गावोगावच्या अनेक डॉक्टरांनी स्वतः गणवेश घातलेला होता. छावणी, पलटण, हुद्दा ही दुनिया त्यांना सांगावी लागत नव्हती. 1973 मध्ये सक्तीची भरती थांबली. पुढच्या पिढीतल्या बहुतेक डॉक्टरांचा सैन्याशी संबंध उरला नाही, आणि आधी अनुभवातून आलेले ज्ञान आता शिकवावे लागणार होते.

ते शिकवायची निकड इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनी आणली. स्फोटांमुळे मेंदूला झालेली इजा बाहेरून दिसत नसे. डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड घेऊन माणूस नेहमीच्या दवाखान्यात येई. जानेवारी 2012 मध्ये ‘जॉइनिंग फोर्सेस’ या मोहिमेत सुमारे 130 वैद्यकीय महाविद्यालयांनी युद्धातल्या अशा इजा आणि मानसिक आघात हा विषय शिकवण्याचे वचन दिले. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या अकादमीने पुढच्याच वर्षी एका साध्या प्रश्नाची मोहीम काढली: तुम्ही कधी सैन्यात होतात का? ‘माजी सैनिक आहात का’ असे विचारले तर अनेकजण, विशेषतः स्त्रिया आणि प्रत्यक्ष लढाई न पाहिलेले, नाही म्हणतात. उत्तर होकारार्थी आले की कुठे, केव्हा, कोणते काम, कसला धूर किंवा रसायन, स्फोट जवळ झाला होता का, असे पुढचे प्रश्न.

2014 मध्ये रँड संस्थेने समाजात खासगी काम करणाऱ्या 522 मानसोपचारकांची पाहणी केली. सैनिकी जीवनाची जाण आणि पुराव्यावर आधारित उपचारांची तयारी, दोन्ही कसोट्यांना उतरणारे त्यांत जेमतेम 13 टक्के निघाले. नेमके त्याच वर्षी, फिनिक्समधल्या व्हीए रुग्णालयातल्या लांबलेल्या प्रतीक्षायाद्यांचे प्रकरण बाहेर आल्यावर, अमेरिकी काँग्रेसने माजी सैनिकांना बाहेरच्या डॉक्टरांकडे जाण्याची वाट मोकळी केली. 2018 च्या ‘मिशन’ कायद्याने ती आणखी रुंद केली. रुग्ण आधी पाठवले गेले, डॉक्टरांची तयारी मागे राहिली. हा क्रम उलटा होता. मिशन कायद्याच्या कलम 133 मध्ये बाहेरच्या डॉक्टरांसाठी पीटीएसडी, सैन्यातील लैंगिक अत्याचार आणि मेंदूच्या इजेसंबंधी पात्रतेचे निकष ठरवण्याची तरतूद आली. व्हीएचे अभ्यासक्रमही बाहेरच्या डॉक्टरांना ऑनलाइन विनामूल्य मिळू लागले. छावण्यांतल्या उघड्या कचराखड्ड्यांच्या धुराने झालेल्या आजारांना 2022 च्या ‘पॅक्ट’ कायद्याने मान्यता दिली, तेव्हा गावच्या डॉक्टरने विचारायच्या प्रश्नांत जुन्या खोकल्याचा आणि दम्याचाही समावेश झाला.