स्वस्त वीज नक्की कुणासाठी?

बिटकॉइनला वीज किती लागते, यावर चर्चा निघाली की देशांचे आकडे फेकले जातात. मला मात्र एका छोट्या गावाचा इतिहास जास्त बोलका वाटतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ प्लॅट्सबर्ग आहे. वस्ती वीसेक हजार. सेंट लॉरेन्स नदीवरचा सरकारी जलविद्युत प्रकल्प 1958 मध्ये सुरू झाला आणि त्यातली स्वस्त वीज या गावाच्या वाट्याला आली. कोटा ठरलेला, 104 मेगावॅट. वीज इतकी स्वस्त की कडाक्याच्या थंडीत लोक घरंसुद्धा विजेवरच गरम करतात.

हे स्वस्त दर पाहून बिटकॉइन मायनिंगवाले तिथे पोचले. 'मायनिंग' म्हणजे खाणकाम नव्हे, बरं का! हजारो मशीन रात्रंदिवस आकड्यांचे अंदाज बांधत बसतात. साधारण दर दहा मिनिटांनी एकाचा अंदाज लागतो आणि बक्षीस त्याला मिळतं. मशीन दुप्पट झाली तर नाणी दुप्पट होत नाहीत, कोडं तेवढं अवघड होतं. वीज मात्र जास्त जळते.

डिसेंबर 2017 मध्ये एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या आसपास गेला. त्याच हिवाळ्यात जबर थंडी पडली. घरांचे हीटर आणि मायनिंगची मशीन एकदमच चालू. कोटा संपला. जादा वीज खुल्या बाजारातून महाग घ्यावी लागली आणि तो खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. काही घरांची बिलं शंभर-दोनशे डॉलरनी वाढली. नफा कुणाचा, भुर्दंड कुणाला!

लोक नगरपालिकेच्या सभेत जाऊन बोलले. मार्च 2018 मध्ये नगरपालिकेने नव्या मायनिंगला 18 महिन्यांची स्थगिती दिली. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराने उचललेलं असं हे पहिलंच पाऊल. पुढे नियम बदलले : जादा विजेचा बोजा मायनिंगवाल्यांनीच उचलायचा. मग 2019 मध्ये स्थगिती उठली.

मला यातली मुख्य गोष्ट दिसते ती ही, की भांडण तंत्रज्ञानाशी नव्हतंच. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या विजेवर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न होता. आज नवी मुंबईत एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतायत. मायनिंग वेगळं, डेटा सेंटर वेगळं, मान्य. पण जादा विजेचा खर्च कुणाच्या बिलात जाणार, हे आपण आधीच विचारायला नको का?

तुम्हाला काय वाटतं?