तुरुंगातले अपील आणि वकिलाचा हक्क

निरपराध माणसाला शिक्षा झाली, तर ती दुरुस्त करून घेण्याची वाट कायद्याने अपिलाच्या रूपाने ठेवलेली असते. परंतु अपिलासाठी निकालाची नक्कल, साक्षीपुराव्याची कागदपत्रे आणि ती बारकाईने वाचणारा वकील लागतो, आणि गजाआडच्या गरीब कैद्याजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अशा कैद्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील धाडण्याची मुभा दिली होती, आणि त्यालाच ‘जेल अपील’ म्हणत. मात्र वकिलामार्फत दाखल झालेले अपील बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय फेटाळता येत नसे, हे संरक्षण जेल अपिलाला नव्हते. ज्याचे ऐकून घेण्याची निकड सर्वाधिक, त्याचेच प्रकरण न ऐकता निकालात काढण्याची ही सोय होती, आणि तिला केवळ तांत्रिक उणीव म्हणणे अन्यायाचे होईल.

गरिबांना मोफत वकील मिळावा, या हेतूने मुंबईत १९२४ मध्ये लीगल एड सोसायटी स्थापन झाली, तर १९४९ मध्ये मुंबई प्रांताने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. पुढे बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आणून मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले.

त्या कर्तव्याचे हक्कात रूपांतर झाले ते महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात. बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिलेल्या होस्कोट नावाच्या प्राध्यापकाने, ती पूर्ण भोगून झाल्यावर, चारहून अधिक वर्षांच्या विलंबाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. निकालाची नक्कल येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली गेली होती, पण ती आपल्या हाती पडलीच नाही असे कैद्याचे म्हणणे होते, आणि ती मिळाल्याची त्याची सही कोठेही नव्हती. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये त्याची याचिका फेटाळली खरी, पण त्याच निकालात सर्व कैद्यांसाठी दंडक घालून दिला: नक्कल विनामूल्य व तत्काळ द्यावी, तुरुंगाधिकाऱ्याने तिची लेखी पोच घ्यावी, आणि वकील देण्याची ऐपत नसलेल्याला न्यायालयाने सक्षम वकील नेमून द्यावा, ज्याचे शुल्क राज्याने भरावे. एका सहीच्या अभावातून घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा, एवढा विस्तार झाला, हे या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण होय. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने, जो प्रत्यक्षात ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न घालता ही मदत देऊ केली.

तरीही केवळ वकील नेमल्याने चूक सापडतेच असे नाही. महाराष्ट्रात २००३ मध्ये घडलेल्या एका दरोडा व हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांपैकी तिघांची फाशी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कायम केली होती, तर उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी दिली होती. पुनर्विलोकन याचिका, म्हणजे न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा तपासावा अशी विनंती, नव्याने ऐकली गेली तेव्हा उघड झाले की हल्ल्यातून बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या अल्बममधून चार निराळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या, आणि तो जबाब न्यायालयापुढे येऊच दिला गेला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. ती भरपाई न्यायालयाच्या विशेष अधिकारातून आली, कारण चुकीच्या खटल्याबद्दल भरपाई मागण्याचा वैधानिक हक्क भारतात नव्हता. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात त्याची शिफारस केली, परंतु २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिला स्थान मिळाले नाही.