विमानातल्या वायरी आणि दोनशे मेगाहर्ट्झचं वावर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमानं आमच्यासाठी वरून जाणारी, खालून बघायची गोष्ट. विमान पकडायचं तर नागपूर किंवा औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) गाठायचं. पण धुऱ्यावरून होणारी भांडणं आम्हाला चांगली कळतात. आजचा विषय म्हणजे असंच एक भांडण आहे, फक्त वावर हवेतलं आहे.

सुरुवात वायरींपासून करू. एअरबस ए-380 या विमानात सुमारे 530 किलोमीटर वायर आहे. 2006 साली हे विमान रखडलं ते वायरींमुळेच. हॅम्बुर्गचे इंजिनिअर कॅटिया सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते आणि तुलूझचे पाचवी. जोडणीच्या वेळी वायरी आखूड पडायला लागल्या. आपल्या धंद्यातल्या लोकांनी हा किस्सा फ्रेम करून भिंतीवर लावावा!

पण वायर म्हणजे नुसतं वजन आणि उशीर नव्हे. 17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए 800 च्या इंधन टाकीत स्फोट झाला आणि 230 जण गेले. शॉर्टसर्किट हे सर्वात संभाव्य कारण ठरलं. 2 सप्टेंबर 1998 ला स्विसएअर 111 मध्ये वायरींतल्या ठिणग्यांतून आग पसरली आणि 229 जण गेले. त्यामुळे एक प्रश्न साहजिकच पुढे आला: दाराचा, चाकाचा, तापमानाचा सेन्सर बिनतारी का नको? विमानातल्या साधारण 30 टक्के वायरींच्या जागी बिनतारी यंत्रणा येऊ शकते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) 2010 च्या अहवालात मांडला गेला.

मग बोलायचं कुठल्या फ्रिक्वेन्सीवर? वाय-फायचा 2.4 गिगाहर्ट्झ म्हणजे आठवडी बाजार, दोनशे प्रवाशांचे फोन तिथेच ओरडणार. सुरक्षेची माहिती अशा गर्दीत पाठवून चालत नाही. शेवटी नोव्हेंबर 2015 मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत 4200 ते 4400 मेगाहर्ट्झचा पट्टा विमानातल्या या आपापसातल्या बोलण्याला खुला झाला.

पण त्या वावरात आधीपासून एक मालक होता: रेडिओ अल्टिमीटर. बेल लॅब्जच्या लॉइड एस्पेनशीडची ही कल्पना 1920 च्या दशकातली, प्रत्यक्ष विमानात ती 1938 ला दाखवली गेली. काम सोपं आहे. विमान खाली सिग्नल सोडतं, त्याची फ्रिक्वेन्सी सतत सरकत असते. जमिनीवर आपटून तो परत येईपर्यंत मूळ सिग्नल पुढे सरकलेला असतो. दोघांतला फरक मोजला की उंची कळते. 30 मीटरवर हा जाण्यायेण्याचा वेळ एका सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागाइतका!

हा आकडा चुकला तर काय होतं? 25 फेब्रुवारी 2009 ला अ‍ॅमस्टरडॅमला उतरणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग 737 मध्ये एका अल्टिमीटरने उंची दाखवली उणे 8 फूट. ऑटोथ्रॉटलला वाटलं, आपण टेकलो. त्याने इंजिनं मंद केली. वैमानिकांच्या लक्षात यायला उशीर झाला, विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळलं आणि 9 जण गेले. (इथे कारण इंटरफिअरन्स होतं असं सिद्ध झालं नाही, पण एका चुकीच्या आकड्याची किंमत कळते.)

म्हणून 2015 च्या ठरावात सेन्सरला बटईदाराचा दर्जा मिळाला. मालकाला त्रास द्यायचा नाही आणि मालकामुळे त्रास झाला तर तक्रारही करायची नाही. मग उपाय काय? एक, आवाज बारीक ठेवायचा. धातूचं शरीर बऱ्यापैकी सिग्नल आतच अडवतं. दोन, थोडंच बोलायचं; बऱ्याच सेन्सरना सेकंदाला 10 किलोबिटही पुरतात. तीन, पाळी लावायची. अल्टिमीटरचा सिग्नल ठरावीक चालीने पट्ट्यातून सरकतो, म्हणून तो जिथे नाही तिथे, तेवढ्या वेळात आपलं बोलून घ्यायचं. सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे एक विमान उतरतंय आणि खाली रांगेत उभ्या विमानांतले सगळे सेन्सर एकदम कुजबुजताहेत. त्याचंही गणित मांडावं लागलं.

घरातलं असं जमत असताना शेजारी आला. अमेरिकेने 3.7 ते 3.98 गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात विकला. अल्टिमीटर आणि 5जी यांच्यामध्ये 220 मेगाहर्ट्झचा धुरा होता, तरी भांडण पेटलंच. कारण जुन्या अल्टिमीटरना बाहेरचा आवाज गाळणारे चांगले फिल्टरच नव्हते. शेजार शांत असताना कुंपण कोण घालतो? 19 जानेवारी 2022 ला तिथे 5जी सुरू होणार म्हणून एअर इंडियाने अमेरिकेच्या काही फेऱ्या रद्द केल्या.

आपल्याकडे 5जीला 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झ मिळाला. म्हणजे धुरा 530 मेगाहर्ट्झचा, बराच रुंद. तरी 29 नोव्हेंबर 2022 ला दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटरच्या आत या पट्ट्याचे टॉवर नकोत. ज्या विमानतळांचा विषय होता त्यांत आमचं नागपूरही होतं आणि पुणेही. थोडक्यात, जुन्या यंत्रांचे फिल्टर बदलेपर्यंत शेजाऱ्याने लांब राहायचं.

5जीमुळे विमान पडल्याची नोंद नाही, हेही सांगायला हवं. पण मला या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इंटरफिअरन्स म्हटलं की आपण ओरडणाऱ्याला धरतो. निम्मा दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा असतो, आणि तो कान बसवला तेव्हा शेजार रिकामा होता. सॉफ्टवेअरमध्ये आपण तरी काय करतो? आतल्या नेटवर्कवर कोण येणार, म्हणून इनपुट तपासतच नाही. पंधरा वर्षांनी तेच इंटरनेटवर उघडं पडतं.

2025 मध्ये अमेरिकेने 3.98 ते 4.2 गिगाहर्ट्झमधलाही किमान 100 मेगाहर्ट्झ विकायचा कायदा केला. म्हणजे धुरा आणखी कोरला जाणार. आता तिथे नुसता अल्टिमीटर नाही, उद्याचे बिनतारी सेन्सरही त्याच वावरात बटईने असतील. त्यांचे फिल्टर आजच नीट बसवले, तर 2045 मध्ये कुणाला फेऱ्या रद्द कराव्या लागणार नाहीत. असो. धुरा टिकतो तो भरवशावर नाही, मोजणीवर. हे आमच्याकडे कुठलाही शेतकरी सांगेल.